मुलांना घेऊन कोनी आयलंडला जायचंय? आधी राइड्स, मग पाणी (खास न्यू जर्सीवाल्यांसाठी)

पहिलीच गोष्ट सांगून टाकते, कोनी आयलंडला गेट नाही. एक तिकीट काढलं, आत शिरलो आणि दिवसभर सगळं आपलं, असं तिथे चालत नाही. ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला समुद्र, त्याला लागून लांबच लांब लाकडी बोर्डवॉक, आणि बोर्डवॉकच्या मागच्या गल्ल्यांमध्ये वेगवेगळ्या मालकांचे पाळणे, खाण्याच्या टपऱ्या, एक अ‍ॅक्वेरियम, एक बेसबॉलचं स्टेडियम असा सगळा पसारा आहे. गावच्या जत्रेत कसं आत जायला पैसे नसतात पण प्रत्येक पाळणेवाल्याची चिठ्ठी वेगळी असते, अगदी तस्सं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे घोळ तिथेच मिटतात, कारण लोक वैतागतात ते नेमके ह्याच गोष्टीवर. एका पार्कचे क्रेडिट्स (म्हणजे राइड्ससाठी आधी विकत घेतलेले पॉइंट्स) घेऊन दुसऱ्या पार्कच्या रांगेत पाऊण तास उभं राहायचं आणि पुढे गेल्यावर कळतं की हे इथे चालत नाहीत, मग पोरगं भोकाड पसरतं आणि नवराबायको एकमेकांकडे बघतात.

नावात आयलंड असलं तरी ते आता बेट नाही बरं का, मधली खाडी बरीचशी बुजवल्यामुळे ते कधीच ब्रुकलिनला जोडलं गेलंय. त्यामुळे बोटबिट काही नाही, सरळ सबवेने जायचं.

कधी जायचं

मेच्या शेवटी मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत सगळं रोज चालू असतं. त्याच्या आधी एप्रिल-मे मध्ये आणि नंतर ऑक्टोबरपर्यंत मुख्यतः शनिवार-रविवार. थंडीत जाऊ नका, पाळणे बंद असतात आणि समुद्रावरचा वारा कान कापतो. माझं विचाराल तर शाळा सुटल्यावरच्या जूनमधला किंवा ऑगस्टच्या शेवटचा मंगळवार-बुधवार बेस्ट. पाण्यात खेळायचं असेल तर ऑगस्टच बरा, जूनच्या सुरुवातीला पाणी इतकं गार असतं की मुलं पाय बुडवून किंचाळत परत येतात (आणि पुन्हा जातात, ते वेगळं).

टाळायचे दिवस दोन. एक ४ जुलै, त्या दिवशी नेथन्स ह्या हॉट डॉगच्या दुकानाच्या कोपऱ्यावर हॉट डॉग खायची स्पर्धा असते, टीव्हीवाले असतात, आणि गर्दी इतकी की स्ट्रोलर घेऊन वळतासुद्धा येत नाही. दुसरा जूनमधला मरमेड परेडचा शनिवार. १९८३ पासून चालू आहे ही परेड, कलाकार मंडळी जलपऱ्या आणि समुद्रदेव बनून नाचत जातात, धमाल असते, पण अंगावर कपडे कमी आणि रंग जास्त असा मामला असतो, सोबत भारतातून आलेले सासू-सासरे असतील तर तुमचं तुम्ही बघा. आमच्या सासूबाईंना तर काहीच वाटलं नाही, त्यांनी फोटो काढले, सासरे मात्र पूर्ण वेळ समुद्राकडे तोंड करून बसले होते.

आदल्या रात्री दोन गोष्टी नक्की बघा, हवामान आणि पार्कच्या वेळा. वीज चमकली किंवा वारा जोरात असला की पाळणे थांबवतात, आणि उघडायच्या-बंद व्हायच्या वेळा वार आणि महिन्याप्रमाणे बदलतात. सकाळी नऊला पोचून काही उपयोग नाही, राइड्स साधारण अकरा-बाराच्या सुमाराला सुरू होतात.

घरी बसून करायचं काम: इंचपट्टी काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक करतात. अमेरिकेत राइडवर कोणाला बसू द्यायचं ते वयावर नाही, उंचीवर ठरतं. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, शूर आहे, भारतात सगळ्यात बसलाय वगैरे काहीही ऐकून घेत नाहीत, रांगेच्या तोंडाशी पट्टी असते तिच्याखाली उभं करतात आणि एक इंच कमी असला तरी नाही म्हणजे नाही. त्यामुळे घरीच दाराच्या चौकटीला उभं करून, जाणार तेच बूट घालून, इंचात मोजा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. मग लूना पार्क आणि डेनोज ह्या दोन्ही पार्कच्या वेबसाइटवर राइडची यादी उघडून प्रत्येक मुलाची आपली वेगळी यादी करा. आणि हे काम मुलांसोबत बसून करा. "तुला सायक्लोन रोलर कोस्टरला ५४ इंच लागतात, तू ४७ आहेस, मग ह्या वर्षी नाही" हे घरी सोफ्यावर कळलं तर पाच मिनिटं फुगून बसतात, रांगेत कळलं तर अर्धा दिवस गेला.

आमच्याकडे एक सात वर्षांची आणि एक चार वर्षांचा असं कॉम्बिनेशन आहे, म्हणजे दोघांच्या याद्या जवळपास जुळतच नाहीत. अशा वेळी मोठी माणसं दोनच असतील तर तुमची ताटातूट होणार हे धरूनच चाला, एक जण एकीबरोबर, दुसरा दुसऱ्याबरोबर, आणि मध्ये भेटायची जागा आणि वेळ ठरलेली.

तिकिटांचा घोळ

मुख्य पार्क दोन. एक लूना पार्क आणि दुसरं डेनोज वंडर व्हील पार्क. शेजारीशेजारी आहेत, मालक वेगळे, तिकिटं वेगळी.

लूना पार्क नाव जुनं आहे, मूळचं १९०३ साली सुरू झालेलं लूना पार्क १९४४ च्या आगीनंतर संपलं, आत्ताचं आहे ते २०१० मध्ये उघडलेलं. इथे मोठ्या, पोटात गोळा आणणाऱ्या राइड्स जास्त आहेत पण छोट्यांसाठीही बऱ्याच आहेत. शंभरी गाठत आलेली सायक्लोन कोस्टरसुद्धा आता हेच लोक चालवतात. डेनोजमध्ये वंडर व्हील हा मुख्य आकर्षणाचा पाळणा, खाली भुताची गाडी, आणि छोट्या मुलांच्या राइड्सचा एक छान भाग. पाचच्या आतली मुलं असतील तर माझं मत असं की सुरुवात डेनोजलाच करा, सगळं जवळजवळ आहे, एका जागी उभं राहून दोन मुलांवर नजर ठेवता येते, आणि कर्मचारी लहान मुलांना हाताळायला सरावलेले वाटतात.

पैशाचं गणित असं करा. यादीत ज्या राइड्स खरंच करणार त्यांचे क्रेडिट्स जोडा आणि रिस्टबँडच्या (दिवसभराच्या राइड्ससाठी मनगटाला बांधायच्या पट्ट्याच्या) किमतीशी ताडून बघा. दिवसभर राइड्सच करणारं दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर रिस्टबँड वसूल होतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला रिस्टबँड घेणं म्हणजे पैसे पाण्यात, चार राइड्सनंतर त्याला वाळूतच खेळायचं असतं. रिस्टबँड एकाचा दुसऱ्याला चालत नाही, भावंडांत वाटून घेऊ असं मनात असेल तर काढून टाका. आणखी एक खर्च लोक धरतच नाहीत, छोट्याबरोबर मोठ्या माणसाला बसावं लागलं तर बऱ्याच राइड्सवर मोठ्याचंही तिकीट लागतं. विकत घेण्याआधी कुठल्या राइड्स धरल्यात, कुठल्या वगळल्यात, कुठल्या दिवशी चालतं हे बारीक अक्षरातलं वाचा, ऑनलाइन आधी घेतलं तर अनेकदा स्वस्त पडतं पण पावसाने बेत बिघडला तर काय होतं तेही तिथेच लिहिलेलं असतं.

जायचं कसं

एडिसन, मेट्रोपार्क, न्यू ब्रन्सविकवाल्यांनी सरळ एनजे ट्रान्झिट पकडून पेन स्टेशन गाठायचं. शुक्रवारी संध्याकाळी सातपासून सोमवारी सकाळी सहापर्यंत तिकीटवाल्या एका मोठ्या माणसामागे अकरा वर्षांपर्यंतची दोन मुलं फुकट जातात, म्हणून कुटुंबाला शनिवार-रविवार ट्रेन चांगली परवडते. पेनहून बाहेर पडून एक लांब ब्लॉक चालत हेराल्ड स्क्वेअर, म्हणजे सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यू आणि ३४ वा रस्ता. तिथून डी, एफ, एन, क्यू चारही गाड्या कोनी आयलंडला जातात आणि चारही शेवटच्या स्टेशनला, स्टिलवेल अ‍ॅव्हेन्यूला, संपतात, उतरायचं कुठे हा प्रश्नच नाही. जर्सी सिटीवाल्यांचं तर त्याहून सोपं, पाथ ट्रेनने ३३ व्या रस्त्याला आलात की हेराल्ड स्क्वेअर डोक्यावरच आहे.

चारांमधली कुठली? एफ सगळीकडे थांबत थांबत जाते, ती शक्यतो नको. डी किंवा क्यू घ्या, मॅनहॅटन ब्रिजवरून जाते, मुलांना खिडकीपाशी बसवा, ब्रुकलिन ब्रिज आणि हार्बर दिसतं, आणि पुढे ब्रुकलिनमध्ये बराच भाग गाडी उघड्यावरून धावते त्यामुळे मुलं कंटाळत नाहीत. साधारण एक तास धरा. शनिवार-रविवारी सबवेचे मार्ग दुरुस्तीसाठी बदलतात, निघायच्या आधी अ‍ॅप उघडून बघाच. ४४ इंचांपर्यंतच्या मुलांना सबवेत तिकीट नाही, आणि बाकीच्यांसाठी एकच फोन किंवा कार्ड माणसामागे एकदा असं टॅप केलं तरी चालतं.

स्टिलवेल स्टेशनला रॅम्प आहेत, स्ट्रोलर किंवा गुडघेदुखीवाले आजी-आजोबा असतील तर इथेच उतरा. अ‍ॅक्वेरियमला जवळचं स्टेशन खरं तर वेस्ट एट्थ स्ट्रीट, पण तिथे जिन्यांची कसरत आहे.

गाडीने जायचं असेल तर गोएथल्स ब्रिज, स्टेटन आयलंड, व्हेराझानो आणि मग बेल्ट पार्कवे. मॅनहॅटनमध्ये शिरावं लागत नाही हा फायदा, पण जाताना दोन पुलांचे टोल, येताना व्हेराझानोचा पुन्हा, वर पार्किंगचे पैसे. शिवाय रविवारी दुपारनंतर बेल्ट पार्कवे नुसता उभा असतो. तान्हं बाळ असेल तर गाडी ठीक, नाहीतर ट्रेनच.

पिशवीत काय

प्रत्येक मुलाचा कपड्यांचा पूर्ण जोड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, येताना त्याच पिशवीत ओले कपडे. टॉवेल पातळ घ्या, आपले जुने पंचे सगळ्यात बेस्ट, झटकले की वाळू जाते आणि पटकन वाळतात. टोप्या, सनस्क्रीन (निघताना घरीच एकदा लावा, तिथे पोचल्यावर कोणी स्थिर उभं राहत नाही), पाण्याच्या बाटल्या, पण काचेचं काही नको. बेबी पावडरचा छोटा डबा घ्या, ओल्या पायांना चिकटलेली वाळू पावडर चोळली की झरझर सुटते. आणि पायात पट्ट्यांच्या सँडल्स, बोर्डवॉकच्या फळ्या दुपारी तापतात आणि त्यांच्या कुसळीही लागतात, मुलांना तिथे अनवाणी पळू देऊ नका. छत्री किंवा छोटा तंबू नेलात तर फार बरं, किनाऱ्यावर सावली नावाला नाही.

दिवसाचा क्रम

इथे माझं ठाम मत आहे, आधी राइड्स, मग पाणी. लोक पोचल्या पोचल्या समुद्राकडे धावतात कारण तो समोर दिसतो आणि फुकट आहे, पण एकदा मूल पाण्यात शिरलं की ते बाहेर येत नाही, आलं तर ओलं, वाळूने माखलेलं आणि भुकेलं येतं, त्या अवस्थेत राइडच्या रांगेत उभं करणं म्हणजे छळ. राइड्स उघडल्या उघडल्या रांगा लहान असतात, पोट रिकामं असतं (हे फिरणाऱ्या राइड्ससाठी फार महत्त्वाचं), मुलं ताजी असतात. दोन अडीच तासांत छोट्यांची यादी संपते. मग जेवण. मग साधारण तीन ते साडेपाच पाणी आणि वाळू. मग धुऊन-पुसून कोरडे कपडे, आणि सगळ्यात शेवटी वंडर व्हील, ऊन उतरल्यावर.

छोट्यांच्या राइड्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही, गोल फिरणाऱ्या गाड्या, होड्या, विमानं, मुलांना सगळंच आवडतं. मात्र एक सोडू नका, बी अँड बी कॅरसेल, बोर्डवॉकवर पॅराशूट जंप नावाच्या लाल मनोऱ्याच्या पायथ्याशी, काचेच्या मंडपात. लाकडी कोरीव घोडे आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, शहराने २००५ मध्ये विकत घेऊन दुरुस्त केले आणि २०१३ पासून पुन्हा इथे फिरताहेत. त्यातल्या एका घोड्यावर अब्राहम लिंकनचं चित्र कोरलंय, १९०९ साली लिंकनच्या जन्मशताब्दीला केलेला घोडा तो. मुलांना "लिंकनचा घोडा शोधा" म्हणून सोडा, रांगेतला वेळ मजेत जातो. आजी-आजोबांनाही ह्यात बसवा, अगदी हळू असतं.

वंडर व्हील म्हणजे आपला आकाशपाळणा, पण साधा नाही. १९२० पासून चालू आहे, उंची १५० फूट, २४ डबे. ह्यातले ८ डबे बाहेरच्या कडेला घट्ट बसवलेले आहेत आणि १६ डबे चाकाच्या आत वळणदार रुळांवर सुटे आहेत, चाक फिरलं की हे डबे अचानक घरंगळत पुढे जातात आणि मग जोरात झोके घेतात. रांगा दोन वेगळ्या असतात. तर लहान मुलं, चक्कर येणारे, आजी-आजोबा ह्यांच्यासाठी पांढरे डबे, हलत नाहीत, आणि खरं तर तिथूनच समुद्र आणि शहर दोन्ही नीट दिसतं. झुलणाऱ्यांची रांग वेगळी आहे हे न बघता घुसलेली कुटुंबं वरून जी काय ओरडतात ती खालपर्यंत ऐकू येतात. १९७७ साली न्यूयॉर्कची वीज गेली होती तेव्हा हे चाक हाताने फिरवून लोकांना खाली उतरवलं होतं म्हणे, ही गोष्ट वर असताना सांगू नका, खाली आल्यावर सांगा.

सायक्लोन मोठ्यांसाठी. लाकडी कोस्टर, २६ जून १९२७ ला सुरू झालेली, पहिला उतार ८५ फुटांचा, वेग ताशी ६० मैलांपर्यंत, आणि आकड्यांपेक्षा जास्त जाणवतो तो लाकडाचा खडखडाट. ५४ इंच म्हणजे साधारण १३७ सेंटीमीटर उंची लागते. मान-पाठीचं काही दुखणं असेल, हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील तर नको. भारतातून आलेल्या बाबांना जोश येतो, "अरे आम्ही काय कमी आहोत का" वगैरे, पण व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुनी दुखणी बऱ्याचदा धरत नाहीत हे आठवा आणि त्यांना खाली फोटो काढायचं काम द्या. उत्सुक मुलांना एवढं मात्र सांगा की अमेरिकेतल्या कोस्टरचा धंदा इथूनच पसरला, १८८४ साली कोनी आयलंडला जी स्विचबॅक रेल्वे सुरू झाली ती ताशी सहा मैलांनी जायची आणि लोक पाच सेंट देऊन तिच्यासाठी रांगा लावायचे.

भुताची गाडी, स्पूक-ए-रामा, १९५५ ची आहे. मोठ्यांना हसू येतं, चार-पाच वर्षांच्या मुलांना रात्री झोप लागत नाही, त्यामुळे सहा-सातच्या पुढेच.

खाणं, आणि एक खास सूचना

नेथन्स फेमसचं दुकान सर्फ आणि स्टिलवेलच्या कोपऱ्यावर १९१६ पासून आहे, पोलंडहून आलेल्या नेथन हँडवेर्कर ह्यांनी सुरू केलेलं, बाकीचे दहा सेंट घ्यायचे तेव्हा ह्यांनी पाच सेंटला हॉट डॉग विकला. सगळे सांगतात तिथे खाच. आता आपल्यासाठी महत्त्वाचं, तो हॉट डॉग बीफचा असतो, ऑल बीफ. चिकन असेल असं समजून मुलांच्या हातात देऊ नका, ज्यांना चालतं त्यांनी खुशाल खा. शाकाहारींना तिथले नागमोडी फ्राइज, पण तळायचं तेल वेगळं आहे का हे काउंटरवर विचारा, विचारायला लाज कसली.

बोर्डवॉकवर पिझ्झा, भाजलेलं किंवा उकडलेलं कणीस, इटालियन आइस असं मिळत राहतं. घरून निघताना पुडीत तिखट-मीठ आणि अर्धं लिंबू घ्या, बटर न लावता कणीस मागा आणि चोळा, जुहू-दादर चौपाटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. किमती मात्र पर्यटकांच्या आहेत, चार माणसांचं पोट तिथल्या टपऱ्यांवर भरायचं म्हटलं तर राइड्सइतके पैसे जातात. म्हणून मुख्य जेवण घरचं, तिखट-मिठाच्या पुऱ्या, धपाटे, कोरडी बटाट्याची भाजी, दशम्या-चटणी, जे काही ओलं होत नाही आणि सांडत नाही ते. दही-भात उन्हात नको. चिवडा नेलात तर डब्यातून थेट तोंडात, उघड्यावर ठेवला की सीगल येतात, आणि ते लाजतबिजत नाहीत, मुलाच्या हातातला फ्राय उचलून नेतात.

अजून एक पर्याय फार कमी आपले लोक वापरतात, बोर्डवॉकवरून अ‍ॅक्वेरियमच्या पुढे पंधरा-वीस मिनिटं चालत गेलात की ब्रायटन बीच. तिथे रशियन, युक्रेनियन, जॉर्जियन लोकांची वस्ती आहे, दुकानांच्या पाट्यासुद्धा त्यांच्या लिपीत. जॉर्जियन खाचापुरी, म्हणजे गरम चीजने भरलेला पाव, मुलं मिटक्या मारत खातात. बटाट्याचे किंवा कोबीचे पिरोश्की आपल्या जिभेला चालतात, पण मटणाचे आणि भाजीचे बाहेरून सारखेच दिसतात, विचारून घ्या. आणि परतीची क्यू ट्रेन तिथूनच मिळते.

समुद्र

किनारा फुकट आहे. लाइफगार्ड मेमोरियल डेच्या वीकेंडपासून सप्टेंबरपर्यंत, रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. ते नसताना पाण्यात शिरायचं नाही, नियमही आहे आणि शहाणपणही तेच. त्यांच्या उंच खुर्चीच्या समोरच बसा. शिट्टी वाजली की मुलांना बाहेर बोलवा, "दोन मिनिटं" वगैरे काही नाही.

पाणी शांत दिसतं म्हणून फसू नका. किनाऱ्यावर मध्येमध्ये मोठ्या दगडांचे बांध समुद्रात गेलेले दिसतील, मुलांना त्यावर चढायची हौस असते, पण दगड शेवाळाने निसरडे आणि बाजूला पाण्याची ओढ वेगळी, तिथे बिलकुल नको. कमरेच्या वर पाणी असेल तर मूल हाताच्या अंतरावर हवं, आणि फोन बॅगेत. मोठ्या मुलांना एवढं शिकवा की ओढीने आत जायला लागलो तर किनाऱ्याकडे झगडत पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला जायचं आणि हात वर करून हाका मारायच्या. लांब लाकडी धक्का आहे तिथे लोक मासे पकडतात, गळ टाकताना मागे बघत नाहीत, मुलांना दोन हात लांब ठेवा.

पाय धुवायला बोर्डवॉकजवळ नळ-शॉवर आहेत, स्वच्छतागृहंही आहेत, रांग असते, त्यामुळे "लागली आहे" म्हणायच्या आधीच न्या. कपडे बदलायचं काम साडेपाचला सुरू करा, सहाला सगळा किनारा एकदम उठतो.

हरवण्याबद्दल. ग्रुप मोठा असेल तर हे होऊ शकतं. पेनाने मुलाच्या दंडावर आतल्या बाजूला फोन नंबर लिहा, सकाळी निघताना मुलाचा फोटो काढून ठेवा, म्हणजे आज कुठल्या रंगाचा शर्ट आहे ते आठवावं लागत नाही. भेटायची खूण म्हणून पॅराशूट जंप सांगा, लाल लोखंडी मनोरा, कुठूनही दिसतो. १९३९ च्या वर्ल्ड्स फेअरसाठी क्वीन्समध्ये बांधला होता, १९४१ मध्ये इकडे आणला, आता वर कोणी जात नाही.

अ‍ॅक्वेरियम त्याच दिवशी करायचं का?

नाही. न्यूयॉर्क अ‍ॅक्वेरियम इथे १९५७ पासून आहे, २०१८ मध्ये शार्कसाठी नवी इमारत उघडली, मुलं काचेच्या बोगद्यात मान वर करून उभी राहतात, त्याला नीट तीन तास हवेत. राइड्स, समुद्र आणि अ‍ॅक्वेरियम एका दिवसात कोंबलं की कशाचाच आनंद नाही. पावसाळी हवा असेल, राइड्स बंद होतील अशी शंका असेल, त्या दिवसासाठी ते राखून ठेवा, पण तिकिटं आधी ऑनलाइन काढा.

परत येताना

उन्हाळ्यात शुक्रवारी रात्री साडेनऊ-पावणेदहाच्या सुमाराला समुद्रावर आतषबाजी असते, हवा ठीक असेल तर. फुकट आहे आणि छान असते, पण संपल्यावर सगळी गर्दी एकदम स्टिलवेल स्टेशनवर येते. छोटी मुलं असतील तर शेवटची पाच मिनिटं स्टेशनच्या दिशेने चालत चालत बघा, आकाशात आहे, कुठूनही दिसतं. स्टेडियममध्ये ब्रुकलिन सायक्लोन्स ह्या बेसबॉल टीमची मॅच असेल त्या रात्रीही हीच गत, त्यामुळे गाडीने जाणाऱ्यांनी त्यांचं वेळापत्रक बघून ठेवा, पार्किंग त्यांच्याच शेजारी आहे.

स्टिलवेल हे पहिलं स्टेशन असल्याने बसायला जागा मिळते, फक्त फलाटावर कुठली गाडी आधी सुटणार ते बोर्डावर बघून मगच चढा, नाहीतर झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन पुन्हा उतरायचं. आणि पेनहून रात्रीच्या एनजे ट्रान्झिट गाड्या तासाला एखादीच असतात, म्हणून उलटा हिशेब करा, कुठली ट्रेन पकडायची ते ठरवा, त्याच्या दीड तास आधी स्टिलवेल सोडा. राहिलेल्या पुऱ्या वरच्या कप्प्यात ठेवा, हेराल्ड स्क्वेअरला पोचेपर्यंत कोणाला तरी भूक लागतेच.